पैसे देऊन शरीरसंबंध आणि मोबाइलवरचे मेसेज : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना हे प्रश्न माझ्यापर्यंत येतात ते बहुतेक वेळा 'एका मित्राचे' म्हणून. मित्राचं नाव विचारायचं नाही, हा आमच्या धंद्यातला शिष्टाचार आहे. उत्तरं मात्र मित्राला आणि विचारणाऱ्याला सारखीच लागू पडतात. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली आणि तिच्यासोबत आलेल्या नव्या कायद्यांमधली दिली आहेत. ही माहिती सर्वसाधारण आहे. गुन्हा दाखल झालाच असेल तर हे पान बंद करा आणि वकिलाला गाठा.

मुळात पैसे देऊन संबंध ठेवणं हा गुन्हा आहे का?

दोन सज्ञान माणसांनी स्वेच्छेनं, बंद दाराआड केलेली ही गोष्ट जशीच्या तशी गुन्हा आहे असं सांगणारं कलम आपल्याकडे नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, ज्याला पोलीस आणि पत्रकार 'पिटा' म्हणतात, तो या व्यवहाराच्या भोवतालच्या सगळ्या गोष्टींना पकडतो. कुंटणखाना चालवणं (कलम ३), दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणं (४), बाई आणून देणं किंवा पुरवणं (५), डांबून ठेवणं (६), देवळा-शाळेजवळ व्यवसाय करणं (७), सार्वजनिक जागी गिऱ्हाईक खुणावणं (८).

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन सज्ञान तरुणींना वसतिगृहात डांबून ठेवण्याचा आदेश रद्द केला आणि हीच गोष्ट स्पष्ट केली. या कायद्याचा उद्देश देहविक्री नष्ट करणं हा नाही, आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे.

एवढं वाचून 'चला, म्हणजे कायदेशीर आहे' म्हणत उठू नका. गुन्हा नसलेल्या गोष्टीभोवती गुन्ह्यांचं कुंपण इतकं दाट आहे की आत जाताना कुठलातरी काटा लागतोच. आणि कुंपण ओलांडल्याची खूण आजकाल मोबाइलमध्ये राहते.

मी नुसतं 'रेट काय?' एवढंच विचारलं. पुढे काही झालंच नाही. तरी अडकू शकतो?

ते कुणाला विचारलं, यावर आहे.

पिटाचं कलम ८ खुणावण्याबद्दल आहे, पण ते सार्वजनिक जागेची भाषा करतं : रस्त्यावर किंवा लोकांना दिसेल असं. दोघांमधल्या खासगी चॅटला ते सरळ लागू पडत नाही.

खरी भानगड वेगळी असते. नंबर कुठल्यातरी जाहिरातीतून घेतलेला असतो. रात्री अकरा वाजता मेसेज जातो, 'हाय, सोलापुरात अव्हेलेबल का? रेट?' आणि तो पोहोचतो अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या बाईला, जिचा नंबर कुणीतरी सूड म्हणून त्या साइटवर टाकला आहे. ती सकाळी नवऱ्याला किंवा भावाला घेऊन पोलीस ठाण्यात जाते. आता प्रश्न पिटाचा राहत नाही. न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये 'लैंगिक सुखाची मागणी किंवा विनंती' असे शब्द आहेत आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं काही बोलल्याबद्दल कलम ७९ आहे. तिनं 'राँग नंबर' लिहिल्यावरही तुम्ही 'भाव खाऊ नको, सांग की' म्हणत राहिलात, तर पाठलागाचं कलम ७८ जोडलं जातं. तेही ३ वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर ५.

'साहेब, मला वाटलं ती तसली आहे' हे वाक्य कोर्टात फार वेळा ऐकलं आहे. त्यानं काम सुधारत नाही, बिघडतं.

ग्राहकावर गुन्हा होतो की नाही? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. ग्राहक हा कुंटणखाना चालवत नाही, कमाईवर जगत नाही, म्हणून कलम ३ आणि ४ त्याला लागत नाहीत, असं म्हणत अनेक उच्च न्यायालयांनी ग्राहकांवरचे गुन्हे रद्द केले आहेत. पण २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं उलट बाजूनं विचार केला. पैसे देऊन सेवा घेणारा त्या स्त्रीला व्यवसायाला प्रवृत्तच करतो, म्हणून त्याच्यावर कलम ५ खाली खटला चालू शकतो, असा तो निकाल आहे. तो महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण सरकारी वकील तो पुढे ठेवणार.

आणि कलम ७ कुणी विसरू नये. प्रार्थनास्थळ, शाळा-कॉलेज, वसतिगृह, दवाखाना किंवा नर्सिंग होमपासून २०० मीटरच्या आत व्यवहार झाला तर ती स्त्री आणि तिच्यासोबतचा माणूस, दोघांनाही ३ महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इथे ग्राहक स्पष्टपणे आरोपी आहे. आता सोलापूरच्या पेठांमध्ये कुठल्याही लॉजभोवती २०० मीटरचं वर्तुळ काढून बघा. एखादं मारुतीचं देऊळ, मशीद, बालवाडी किंवा बाळंतपणाचं हॉस्पिटल आत येणार नाही अशी जागा शोधून दाखवा. पंढरपूर आणि अक्कलकोटबद्दल तर बोलायलाच नको. चॅटमध्ये लॉजचं नाव आणि गुगलचं लोकेशन असतं, म्हणजे अंतराचा पुरावा तुम्हीच लिहून ठेवलेला असतो.

ती स्त्री तस्करी करून आणलेली असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल किंवा कळण्यासारखं असेल, तर न्याय संहितेचं कलम १४४ लागू शकतं : ३ ते ७ वर्षं. 'नवीन माल आलाय, भाषा येत नाही, बाहेर सोडत नाही' असं एजंटनं लिहिलं आणि तुम्ही अंगठा दाखवून 'ओके' केलं, तर 'मला काय माहीत' हे म्हणणं कठीण होतं.

मी फक्त मित्राला नंबर आणि फोटो फॉरवर्ड केले. पैसे घेतले नाहीत.

हा सगळ्यात निष्काळजीपणे केला जाणारा प्रकार आहे, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. ग्राहक म्हणून तुमच्या बाजूनं बोलायला निदान काही निकाल आहेत. मध्यस्थ झालात की तेही संपले. कलम ५ मध्ये देहविक्रीसाठी व्यक्ती मिळवून देणं किंवा तसा प्रयत्न करणं येतं, आणि शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७. कमिशन घेतलंच पाहिजे असं कलम म्हणत नाही.

फोटो अश्लील असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ (पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत दंड), उघड लैंगिक कृतीचा असेल तर ६७-अ (५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत). फॉरवर्ड करणं हे त्या कलमातलं 'पाठवणं'च आहे.

लॉजचा मॅनेजर आणि रिक्षावाला यांचं काय?

मॅनेजरनं एजंटला 'रूम नं. ४ रिकामी, पाठव' असा मेसेज केला असेल तर तो कलम ३ मध्ये अडकतो. मालकाला माहीत असताना जागा वापरू दिली तर मालकही. हॉटेलचा परवाना ३ महिने ते १ वर्ष निलंबित होण्याची तरतूद कलम ७ मध्ये आहे.

स्टेशनवरून सवारी आणून सोडणारा रिक्षावाला नुसत्या भाड्यासाठी गुन्हेगार ठरत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकामागे शंभर-दोनशे रुपये फोनवर येत असतील आणि चॅटमध्ये त्याचा हिशेब असेल तर तो दलाल ठरतो.

पोलीस चॅट पुरावा म्हणून कसा वापरतात?

छाप्याची पद्धत पेपरात वाचलेलीच असेल. बनावट ग्राहक पाठवायचा, नोटांचे नंबर पंचनाम्यात आधी टिपायचे, इशारा मिळाला की आत शिरायचं. आता या साखळीची पहिली कडी व्हॉट्सॲपवर असते. बनावट ग्राहकाचं एजंटशी झालेलं बोलणं हा तयार पुरावा.

'व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड असतं ना, साहेब?' असतं. पण एन्क्रिप्शन रस्त्यात आहे, दोन्ही टोकांच्या फोनमध्ये नाही. एजंटचा फोन जप्त झाला की तुमचं नाव, फोटो, रेटची घासाघीस, सगळं उघडं पडतं. सोबत यूपीआयची नोंद, टॉवर लोकेशन आणि लॉजच्या रजिस्टरमधलं आधार कार्ड.

स्क्रीनशॉट एकटा पुरेसा नसतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं, आणि तेही आपल्या जालन्याच्या निवडणूक याचिकेत : खोतकर विरुद्ध गोरंट्याल. मूळ फोनच कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ आहे, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक फोन ज्याच्या ताब्यात होता त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०५ नं सक्तीचं आहे. बचावाचे वकील पहिल्यांदा याच दोन गोष्टी बघतात.

मग चॅट डिलीट करून टाकू का?

चौकशी सुरू झाल्यावर मुळीच नाही. एका बाजूला मजकूर समोरच्याच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये राहतोच, दुसऱ्या बाजूला पुरावा नष्ट केल्याचं कलम (न्याय संहिता २३८ आणि २४१) नव्यानं लागतं. शिवाय तुम्ही स्वतः फसवले गेला असाल तर तेच चॅट तुमच्या बाजूचा एकमेव साक्षीदार आहे.

ॲडव्हान्स भरला, कुणी आलंच नाही. आता आणखी पैसे मागतात.

खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या 'मित्रांपैकी' बहुतेक याच प्रकारात अडकलेले. जाहिरातीत 'सोलापूर, सात रस्त्याजवळ' असतं. तोच फोटो, तोच नंबर पंढरपूर, बार्शी, लातूरच्या नावानंही असतो. पलीकडे बसलेला माणूस सोलापूरला कधी आलेलाही नसतो.

क्रम ठरलेला. आधी 'बुकिंग' ५०० रुपये. मग 'रूम सिक्युरिटी' २,०००, परत मिळणारे. मग 'मेडिकल कार्ड'. मग 'तुमचं पेमेंट सिस्टिममध्ये अडकलंय, आधीचे परत हवे असतील तर आणखी ५,००० टाका'. ज्यानं ५०० ला नाही म्हटलं नाही तो ५,००० लाही म्हणत नाही, कारण आता त्याला आधीचे परत हवे असतात. या फसवणुकीचा सख्खा भाऊ म्हणजे 'प्लेबॉय जॉब' : रजिस्ट्रेशन फी भरा, श्रीमंत बायका भेटतील, रात्रीचे पंधरा हजार मिळतील. त्यात आपली कॉलेजची पोरं सापडतात.

हे सगळं न्याय संहिता कलम ३१८ ची फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. समोरच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती गोठवता येते, म्हणून इथे लाजेपेक्षा घड्याळाकडे बघायचं.

ते आता म्हणतात, स्क्रीनशॉट बायकोला आणि ऑफिसला पाठवू. एक जण 'दिल्ली क्राइम ब्रँच'मधून फोन करतोय.

पैसे देऊ नका. दिल्यावर थांबले असं एकही प्रकरण माझ्या टेबलावर आलेलं नाही. तुम्ही देता एवढंच त्यांना कळतं, आणि आकडा वाढतो.

'क्राइम ब्रँच'वाला हा त्याच टोळीतला दुसरा माणूस असतो. डीपीवर वर्दीतला फोटो, मागे वायरलेसचा आवाज, 'मुलीनं आत्महत्या केली आहे, तुमचं नाव चिठ्ठीत आहे, मिटवायचं असेल तर...' असं बोलणं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि गुन्हा मिटवायची फी यूपीआयवर घेत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही.

हे न्याय संहितेतलं खंडणीचं कलम ३०८ आणि धमकीचं कलम ३५१. करायचं एवढंच : बोलणं बंद, चॅट आणि नंबर जपून ठेवणं, नंबर ब्लॉक, सोशल मीडियावरची मित्रयादी लपवणं, आणि तक्रार. घरातल्या एका माणसाला आपणच आधी सांगितलं तर धमकीतली निम्मी हवा निघून जाते. ते सांगणं अवघड असतं, मान्य आहे. पण मी पाहिलंय, बायका अशा वेळी नवऱ्याला वाटतं त्याहून पुष्कळ खंबीर निघतात. रागावतात, मग म्हणतात, 'चला पोलिसांत.'

पण तक्रार दिली तर उलट माझ्यावरच गुन्हा नाही ना होणार?

ज्याला पैसे उकळण्यासाठी फसवलं, तो फिर्यादी असतो. सज्ञान व्यक्तीशी भेटीबद्दल बोललात आणि भेट झालीच नाही, एवढ्यावर पिटाचं कलम लागत नाही. दोन अपवाद : बोलण्यात अल्पवयीन मुलगी होती, किंवा तुम्ही स्वतः इतरांसाठी 'व्यवस्था' करत होता. तसं असेल तर आधी वकील, मग ठाणं.

ठाण्यात दोन-चार खवचट प्रश्न ऐकावे लागतील, ते ऐकून घ्या. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर तिथे, मोहोळ, बार्शी, पंढरपूरकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांकडे. हद्दीवरून परत पाठवायचं नसतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते.

व्यवसाय करणाऱ्या बाईनं मेसेज पाठवले तर तिला काय धोका?

कायद्याची विषमता इथे उघडी दिसते. कलम ८ मध्ये सार्वजनिक जागी खुणावणाऱ्या स्त्रीला पहिल्यांदाच ६ महिन्यांपर्यंत कैद, आणि तेच पुरुषानं केलं तर ७ दिवस ते ३ महिने. चॅटमधून तिनं स्वतःचे उघडे फोटो पाठवले तर कलम ६७ किंवा ६७-अ तिच्यावरही लागू शकतं. दुसऱ्या बाईचं काम तिनं ठरवून दिलं, अगदी मैत्रिणीला मदत म्हणून, तरी ती कलम ५ च्या कक्षेत जाते. आणि कलम ४ असं लिहिलंय की तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी कुणीही सज्ञान व्यक्ती आरोपी होऊ शकते. गावाकडे दर महिन्याला फोनवरून पैसे जाणारी म्हातारी आईसुद्धा. हे कलम दलालासाठी केलं, पण शब्द दलालापुरते नाहीत.

तिच्या बाजूलाही काही आहे. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सन्मानानं वागण्याचे, ओळख आणि फोटो प्रसिद्ध न होऊ देण्याचे आणि निरोध हा गुन्ह्याचा पुरावा न मानण्याचे निर्देश दिले. स्वेच्छेनं काम करणाऱ्या सज्ञान स्त्रीवर छाप्यात कारवाई नको, ही शिफारसही त्या आदेशात नोंदलेली आहे, पण केंद्रानं त्यावर हरकत राखून ठेवली, म्हणून तिला अजून तयार कायदा समजू नये. पिटाच्या झडतीत दोन महिला पोलीस हव्यात, आणि तिची चौकशी महिला पोलिसानंच करायची, असं कलम १५ सांगतं.

गिऱ्हाईक धमकावत असेल, लपून व्हिडिओ काढत असेल, तर तिला इतर कुठल्याही बाईइतकाच फिर्यादीचा हक्क आहे. असं लपून चित्रण करण्याबद्दलचं न्याय संहितेचं कलम ७७ तिचा व्यवसाय विचारत नाही.

समोरची मुलगी १८ ची आहे असं तिनंच लिहिलं होतं.

तिनं लिहिलेलं चालत नाही, तिचा दाखला चालतो. १८ च्या आतली असेल तर संमती शून्य. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), पिटाच्या कलम ५ आणि ७ मधल्या किमान ७ वर्षांच्या शिक्षा, आणि फोटो असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७-ब. असा फोटो नुसता फोनमध्ये ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. अशी मुलगी कुणी विकत असल्याचं चॅटवरून कळलं तर पोलिसांना कळवणं ही पॉक्सोच्या कलम १९ नं तुमच्यावरची सक्ती आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा पोलिसांचा ११२ लावा.

मी ग्रुपचा ॲडमिन आहे. दुसऱ्यानं असल्या जाहिराती टाकल्या.

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार नाही, दोघांचा समान हेतू दिसला पाहिजे. पण ग्रुपचं नावच 'सोलापूर नाइट मस्ती' असेल तर हेतू शोधायला फार लांब जावं लागत नाही.

माझाच नंबर कुणीतरी असल्या साइटवर टाकलाय. रात्रभर फोन येतात.

आधी त्या पानाचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग ते काढण्यासाठी साइटवर तक्रार नोंदवा. उलट क्रमानं केलं तर पुरावाच जातो. येणारे मेसेज पुसू नका. नंबर टाकणाऱ्यावर न्याय संहितेचं कलम ७९, बदनामीचं ३५६, तुमच्या नावाचं खोटं खातं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. नंबर लगेच बदलण्याची घाई करू नका, टाकणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो आणि दोन-चार दिवसांत स्वतःहून मेसेज करून मजा बघतो. तिथेच सापडतो.

गुन्हा नाहीच झाला, पण चॅट बायकोच्या हाती लागलं तर?

व्यभिचार हा २०१८ पासून गुन्हा राहिला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. कौटुंबिक न्यायालयात पुराव्याचे नियम सैल असतात, चॅट तिथे सहज वाचलं जातं. सरकारी नोकरीत असाल आणि अटक होऊन ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलात, तर राज्याच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार निलंबन मानीवच असतं, म्हणजे आपोआप झालं असं धरलं जातं. झेडपीतले लोक हे ऐकून एकदम गप्प होतात.

छाप्यात सापडलो किंवा नोटीस आली. पहिल्या दिवशी काय करायचं?

पळायचं नाही, वाद घालायचा नाही, आणि तिथल्या तिथे 'मिटवायला' पैसे काढायचे नाहीत. तो वेगळा गुन्हा आहे. अटकेचं कारण लेखी मागा. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलंच पाहिजे. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहण्याची, नोटीस देतात. ती आली तर ठरल्या दिवशी हजर राहा. न गेल्यानं मात्र अटकेला कारण मिळतं. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा, फोनचा मेक आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बरोबर लिहिलाय का बघा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती घटनेच्या अनुच्छेद २०(३) नं होत नाही, पण नाव-पत्ता खोटा सांगू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयात आहे, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, मुलं आणि तस्करीतले पीडित यांना उत्पन्नाची अट नाही. कोठडीतल्या माणसालाही नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि मराठीत.